ल्यों नगरींतील ग्रीष्मकाळ

कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मानें केला आहे, वसंतानें नव्हे. ज्या ऋतूंत आपल्या देशीं जीव नकोसा होतो, त्यालाच कवीनें अग्रपूजेचा मान कां द्यावा, असें विद्यार्थी मला वर्गांत विचारीत. आणि मी त्यांस वर्षावर्षाला निरनिराळीं उत्तरें देत असें. आपल्याकडे उन्हाळा हा सोसावयाचा ऋतु. वाळा, पन्हें, माठ आणि दुपारचीं मिटलेलीं दारें ह्यांच्या आधारानें तो कसाबसा ओलांडावयाचा व मृगाकडे डोळे लावावयाचे. परंतु जेथें लोक वर्षांतील निम्म्याहून अधिक काळ ह्या एकाच ऋतूची वाट पाहतात, आणि तो आला म्हणजे त्याचा एकही प्रहर घरांत दवडीत नाहींत, असेही देश पृथ्वीवर आहेत. त्यांपैकीं एका देशांतील एका नगरीचा ग्रीष्म पाहण्याचा योग मला आला, त्याचें हें वर्णन.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फ्रान्समधील ल्यों ह्या शहरीं राहतात. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून मी व सौ. तेथें मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे प्रवासी परवान्यास मान्य असलेले नव्वद दिवस, राहून आलों. पाहुणा चार दिवसांत शहरांतील इमारती पाहतो. शेजारी कसे राहतात हें कळावयास तीन महिने लागतात.

ल्यों हें दोन प्रवाहांच्या संगमावरील नगर. इ. स. पूर्वीं ४३ ह्या वर्षीं रोमन लोकांनीं येथील फुर्विएर टेकडीवर लुग्दूनुम् नांवाची वसाहत स्थापिली, तेंच हें. आल्प्स पर्वतांतील बर्फाचें पाणी घेऊन र्‍होन वेगानें येते. उत्तरेकडून संथ चालीनें सोन येते. फ्रेंच भाषेंत र्‍होन पुल्लिंगी व सोन स्त्रीलिंगी. अठराव्या शतकांत कूस्तू बंधूंनीं ह्या दोघांच्या ज्या कांस्यमूर्ति घडविल्या, त्यांतही एक पुरुष व एक स्त्री आहे. आपल्याकडेही नद आणि नदी असा भेद आहेच. मात्र आपला शोण हा नद, आणि त्याच्याच नांवासारखें नांव धारण करणारी ही सोन नदी! संगमाच्या टोंकाशीं आपल्याकडे घाट व देऊळ असतें. तेथें काच व पोलाद ह्यांचें एक प्रचंड वस्तुसंग्रहालय २०१४ सालीं उघडलें आहे.

प्रथम आश्चर्य वाटतें तें दिवसाच्या लांबीचें. ल्यों पावणेसेहेचाळीस अक्षांशांवर, आणि आपलें पुणें साडेअठरांवर. त्यामुळें जूनअखेर तेथें साडेपंधरा तासांहून अधिक काळ सूर्य क्षितिजाच्या वर असतो. त्यांत घड्याळाचीही भर आहे. फ्रान्स देश मध्य युरोपाची वेळ पाळतो, आणि उन्हाळ्यांत ती आणखी एक तास पुढें करतो. म्हणून माध्यान्हीं सूर्य डोक्यावर येतो तेव्हां तेथील घड्याळांत पावणेदोनचा सुमार असतो, आणि मावळतो तेव्हां साडेनऊ वाजून गेलेले असतात. सायंसंध्येला बसावयाचें तें साडेनऊला, आणि तोंपर्यंत नातवाची झोपण्याची वेळ टळून गेलेली! चार दिवस सौ. "दिवेलागणीला काय ती गंमतच नाहीं," असें म्हणत राहिल्या. पण पुढें आमच्या ध्यानांत आलें कीं, जेवण उरकल्यानंतरचा हा तीन तासांचा उजेड हेंच तेथील ग्रीष्माचें खरें धन आहे. शाळा, कचेरी, स्वयंपाक सर्व आटोपून माणसें पुन्हां बाहेर पडतात, आणि तीं कोठें जातात हें पाहणें हाच आमचा नित्यक्रम झाला.

आम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत इमारतीच्या दारावर एक कागद लागला. मेअखेरीस फ्रान्समध्यें 'शेजाऱ्यांचा सण' होतो. १९९९ सालीं पॅरिसच्या सतराव्या प्रभागांत त्याचा आरंभ झाला, आणि आतां तो देशभर पाळला जातो. विधि अगदीं साधा. इमारतीच्या चौकांत मेजें मांडावयाचीं, प्रत्येक बिऱ्हाडानें एक पदार्थ आणावयाचा, आणि वर्षभर जिन्यांत केवळ मान लववून पुढें जाणाऱ्यांनीं त्या सायंकाळीं एकत्र बसावयाचें. सौ. नीं बेसनाचे लाडू व पोह्यांचा चिवडा केला. ल्योंचें नांव मांसाहारी पाकनैपुण्यासाठीं गाजलेलें असल्यामुळें आम्ही जरा सावधच होतों. पण एका गृहस्थांनीं आमच्यापुढें एक वाडगें सरकविलें, त्यांत चक्क्यासारख्या ताज्या पदार्थांत लसूण, बारीक पात, तेल व शिर्का कालविलेला होता. त्याचें नांव 'कोष्ट्याचा मेंदू'! हें रेशमाचें शहर. १८३१ व १८३४ सालीं मजुरीच्या दरासाठीं बंड करून उठलेल्या येथील कोष्ट्यांचें नांव त्या पदार्थाला अजून चिकटून आहे. पोळीशीं तो उत्तम लागतो, हें आमच्या घरचें संशोधन.

त्याच सायंकाळीं तिसऱ्या मजल्यावरील बाईंची ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढें, यजमान वारलेले, मुलगा दूर उत्तरेकडे. पूर्वीं त्या एका शिवणकामाच्या कारखान्यांत होत्या. त्यांनीं सौ. च्या लुगड्याचा कांठ बोटांनीं चांचपून पाहिला व नातवाकरवीं विचारलें कीं, हें हातमागाचें आहे काय? येवल्याची पैठणी त्यांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, परंतु विणकर कोण तें बोटांना कळलें. भाषा नसतांनाही दोन गृहिणींची मैत्री कशी जमते, हें व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं.

उजेडाच्या त्या तीन तासांत सारें गांव नदीकांठीं लोटतें. र्‍होनच्या डाव्या तीरावर, पाण्याच्या पातळीला लागून, सुमारें ५ किलोमीटर लांबीचा विहारमार्ग आहे. कोठें गवत, कोठें पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, कोठें मुलांचीं खेळणीं. त्यावर पेन्शनर, विद्यार्थी, बुरख्यांतील बाया, दूधपित्या मुलांचे गाडे, सारेच आढळतात. हा तीर पूर्वापार असाच असेल, असें मला वाटलें होतें. चिरंजीवांनीं सांगितलें कीं, २००७ पर्यंत येथें मोटारी उभ्या करण्याचा तळ होता! नगरपालिकेनें मोटारी हलविल्या आणि नदी माणसांना परत केली. त्याच्या दोन वर्षें आधीं, २००५ सालीं, ह्याच शहरानें रस्तोरस्तीं भाड्याच्या सार्वजनिक सायकली ठेवल्या. पॅरिसनें तो धडा मागाहून गिरविला. मुळामुठेच्या पात्राकडे पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ह्या वाक्यावर अधिक भाष्य नको.

दुसरें स्थान 'तेत दोर' म्हणजे सुवर्णशीर्ष नांवाचें उद्यान. तेथें सोन्याचें ख्रिस्तमस्तक पुरलेलें आहे अशी दंतकथा आहे. १८५७ सालीं उघडलेलें हें उद्यान शंभर हेक्टरांहून मोठें. आंत सरोवर, गुलाबांचे ताटवे, वनस्पतिशाळा, हरणें व इतर प्राणी. आणि ह्या सर्वांस प्रवेश विनामूल्य. तेथेंच गिन्योल नांवाच्या बाहुल्याचे खेळ होतात. लोराँ मूर्गे नांवाच्या एका निर्वाहासाठीं दांत उपटणाऱ्या कोष्ट्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा बाहुला निर्माण केला. गिऱ्हाइकाचें चित्त दांतावरून उडावें, हा मूळ हेतु! गिन्योल हा गरिबाचा कैवारी, शिपायाला काठीनें बडविणारा. नातू पोट धरधरून हंसत होता, आणि भाषा न समजतां मीही.

२१ जूनला, म्हणजे दक्षिणायनाच्या मुहूर्तावर, 'संगीताचा सण' असतो. १९८२ सालीं फ्रान्सच्या सांस्कृतिक खात्यानें तो सुरू केला. त्या रात्रीं ज्याला वाजवितां येतें त्यानें रस्त्यावर येऊन वाजवावें, आणि ऐकणारानें पैसा देऊं नये, असा संकेत. एका कोपऱ्यावर विद्यालयाचा वाद्यवृंद, दुसऱ्यावर तीन म्हातारे आणि एक ॲकॉर्डियन, तिसऱ्यावर अफ्रिकेचे नगारे. सुराची प्रत सर्वत्र सारखी नव्हती, हें शिक्षक ह्या नात्यानें नमूद केलें पाहिजे. पण बाहेर उत्तम संगीत ऐकावयाला मिळणें निराळें, आणि कच्च्या गळ्यालाही वर्षांतून एकदां हक्कानें गातां येणें निराळें. आपल्या मेळ्यांचें दिवस ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकले आहेत त्यांना हा भेद लगेच कळेल.

मला स्वतःला सर्वांत मोठा आनंद दिला तो फुर्विएर टेकडीनें. तेथें इ. स. पूर्वीं १५ च्या सुमाराचें रोमन नाट्यगृह आहे. डोंगराच्या उतारांत कोरून बसविलेल्या अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या. पुढें वाढविल्यावर तेथें सुमारें दहा हजार प्रेक्षक बसत. शतकानुशतकें तें मातीखालीं होतें. १९३३ पासून उत्खनन झालें, आणि १९४६ पासून दर उन्हाळ्यांत तेथें नाट्य, नृत्य व संगीत ह्यांच्या रात्रीं होतात. तिकीट लागतें, बसावयाला पायरी आणि एक पातळशी उशी मिळते. खेळ मनास आला म्हणजे लोक त्या उशा रंगभूमीकडे भिरकावतात, आणि कलावंत तो वर्षाव हंसत झेलतात. शारदीय पुष्पवृष्टीऐवजीं ही ग्रैष्मिक उशीवृष्टि!

परंतु तेथें बसून मी दुसराच विचार करीत होतों. भरतानें नाट्यगृहांतील आसनें सोपानाकृति, म्हणजे पायऱ्यांसारखीं, असावीं असें सांगितलें आहे. त्याच्या नाट्यशास्त्राची चिकित्सक आवृत्ति, पहिल्या चौदा अध्यायांची, १८९८ सालीं निघाली, ती कोठून? ह्याच ल्यों विद्यापीठाच्या ग्रंथमालेंतून! पोल रेन्यो हे तेथें संस्कृताचे अध्यापक. त्यांचे शिष्य झोआनी ग्रोसे ह्यांनीं ती सिद्ध केली. तत्पूर्वीं चारच वर्षें, १८९४ सालीं, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काव्यमालेंत हा ग्रंथ प्रथम छापला होता. मुंबईच्या व ल्योंच्या पंडितांनीं एकाच ग्रंथाची पानें एकाच दशकांत जुळवावीं, हें मला नाट्यशास्त्राच्या एका अध्यायाइतकेंच रम्य वाटलें. त्याच ग्रंथांत भरत सांगतो कीं, ज्यांना वेदांचा अधिकार नाहीं त्यांच्यासाठींही हा पांचवा वेद निर्माण झाला, आणि पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवांत झाला. आनंदाचें द्वार सर्वांना उघडें असावें, हें आपल्या शास्त्रानें सांगितलेलें मी नदीकांठीं व उद्यानांत प्रत्यक्ष पाहत होतों.

ह्या शहराचा आणि मुंबईचा आणखी एक संबंध आहे. १८९५ सालीं ल्योंच्या मोंप्लेझिर भागांत ल्युमिएर बंधूंनीं आपल्याच कारखान्यांतून सुटणाऱ्या कामगारांचें चलच्चित्र घेतलें. पुढच्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, तीं चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं, आणि १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्या कारखान्याचा उरलेला भाग आतां स्मारक आहे. रस्त्याचें नांवच 'पहिल्या चित्रपटाची गल्ली'. नातवाला तेथें उभें करून मीं फाळक्यांची गोष्ट सांगितली. त्यानें ती शाळेंत फ्रेंचमध्यें सांगितली, असें मागाहून कळलें.

रविवारीं शहराबाहेर सहली होत. ईशान्येस पेरूज नांवाचें तटबंदीचें खेडें आहे. गोट्यांनीं बांधलेल्या अरुंद गल्ल्या, आणि चौकांत १७९२ सालीं स्वातंत्र्यवृक्ष म्हणून लावलेलें लिंडेनचें झाड. विणकरांचें हें गांव धंदा बसल्यावर ओस पडत चाललें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं जाणत्या लोकांनीं तें पाडूं दिलें नाहीं. तेथें साखर-लोण्याची मोठी भाकरी मिळते. ती मुलांनीं आमच्याआधीं संपविली.

पण ज्या सहलीनें मला मुळापासून हलविलें ती दक्षिणेकडील ओतरीव ह्या गांवची. फेर्दिनाँ शव्हाल हा तेथला टपालवाला. १८७९ सालीं, त्रेचाळीस वर्षांचा असतांना, पायीं टपाल वांटण्याच्या फेरींत त्याला एका दगडाची ठेंच लागली. दगडाचा आकार चमत्कारिक वाटला म्हणून त्यानें तो खिशांत घातला. दुसऱ्या दिवशीं आणखी उचलले; पुढें टोपली आली, मग एकचाकी हातगाडी. दिवसा मैलोगणती टपालाची फेरी आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत बांधकाम, असें तेहेतीस वर्षें चाललें, आणि १९१२ सालीं त्याच्या भाजीच्या बागेंत २६ मीटर लांबीचा एक राजवाडा उभा राहिला! गांवानें त्यास वेडा ठरविलें होतें. स्थापत्याचें शिक्षण नाहीं. देशोदेशींच्या इमारतींचीं चित्रें त्यानें पाहिलीं तीं सचित्र मासिकांत व टपालाच्या कार्डांवर. पश्चिमेच्या बाजूस मशीद, किल्ला, स्विस घर ह्यांच्या पंगतींत एक हिंदु देऊळही आहे. ज्या मनुष्यानें हिंदुस्थान स्वप्नांतच पाहिलें, त्याच्या ओबडधोबड हातांनीं घडलेलें तें देऊळ पाहून सौ. नीं नकळत हात जोडले. मरणोत्तर त्याच वाड्यांत विसावावें ही त्याची इच्छा कायद्यानें मान्य झाली नाहीं, म्हणून सत्तरी उलटल्यावर आणखी आठ वर्षें खपून त्यानें गांवच्या दफनभूमींत स्वतःचें थडगें बांधलें, आणि १९२४ सालीं तेथें देह ठेविला. १९६९ सालीं सरकारनें तो राजवाडा राष्ट्रीय स्मारक ठरविला. सेवानिवृत्तीनंतर "आतां काय करावयाचें राहिलें?" असें म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनीं हें स्थळ अवश्य पहावें.

१४ जुलै हा तेथील राष्ट्रीय दिन. १७८९ सालीं बास्तीयचा तुरुंग पडला, त्याची स्मृति १८८० पासून पाळतात. दारूकाम, आगीच्या बंबवाल्यांच्या ठाण्यांत नाच, रस्तोरस्तीं गर्दी. आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आंत हें सारें नगर जणुं कुणी उपडें करून ओतावें तसें रिकामें होतें.

फ्रान्समध्यें १९३६ सालीं प्रत्येक कामगारास पगारी रजेचे दोन आठवडे मिळाले. वाढत वाढत १९८२ पासून ते पांच झाले. ह्या रजेचा मोठा भाग लोक ऑगस्टमध्यें घेतात व समुद्राकडे जातात. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्या मोटारींची रांग ल्योंतूनच जाते. रोटीवाल्याच्या दारावर सुटीचा कागद लागला; आमच्या इमारतींतील पडदे एकामागून एक खालीं आले; चौकांत कबुतरांखेरीज कोणी दिसेना. राहिलों आम्ही, आणि तिसऱ्या मजल्यावरील त्या बाई. त्याच सुमारास उष्णतेची लाट आली, आणि हवामानखात्यानें जिल्ह्यावर नारिंगी रंगाची सूचना लाविली.

चिरंजीवांनीं त्या वेळीं जें सांगितलें तें ऐकून मागील तीन महिन्यांचा सारा आनंद मला निराळ्या प्रकाशांत दिसूं लागला. २००३ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यांत ह्या सुखवस्तु देशांत उष्म्यानें सुमारें पंधरा हजार माणसें मेलीं. बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचीं, आणि पुष्कळशीं एकटीं राहणारीं. मुलें सहलीला गेलेलीं, शेजारी सहलीला गेलेले, वैद्यही सुटीवर. पॅरिसमध्यें कित्येक प्रेतांस कोणी धनीच मिळेना. शेवटीं सप्टेंबरांत शहराबाहेरील तिए येथें त्यांस मूठमाती देण्यांत आली, तेव्हां राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते. ज्या ऋतूची सारा देश वाट पाहतो, त्याच ऋतूंत हे म्हातारे एकटे तहानेनें गेले!

ह्या राष्ट्रानें तें विसरावयाचें नाहीं असें ठरविलें, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. २००४ सालीं कायदा झाला. प्रत्येक गांवच्या नगराध्यक्षाकडे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकीं जे संमति देतील त्यांची नोंदवही असते; उष्म्याच्या दिवसांत त्यांस दूरध्वनीवरून विचारपूस होते, आणि उत्तर न आल्यास मनुष्य घरीं जातो. शिवाय वृद्ध व अपंग ह्यांच्या शुश्रूषेसाठीं देशांतील नोकरदार वर्षांतून एक दिवस वेतनाशिवाय अधिक काम करतात.

तिसऱ्या मजल्यावरील बाईंचें नांव त्या वहींत होतें. त्यांस रोज दूरध्वनि येई. पण दूरध्वनीला ताक पोंचवितां येत नाहीं. सौ. रोज दहाच्या सुमारास जिरें-मिठाचें ताक घेऊन वर जात. पहिल्या दिवशीं बाईंनीं भीतभीत एक घोट घेतला. चौथ्या दिवशीं पेला धुवून, पुसून दाराशीं तयार होता. उलट त्यांनीं आम्हांला शिकविलें कीं, पहांटे खिडक्या उघडाव्या, आणि ऊन चढण्यापूर्वीं बाहेरचीं झडपें घट्ट मिटून घ्यावीं. दुपारचीं मिटलेलीं दारें! आमच्या आजीचें शास्त्र सात समुद्रांपलीकडे एका फ्रेंच आजीकडून पुन्हां ऐकावयाला मिळालें.

हें लिहिण्याचें कारण केवळ प्रवासवर्णन नव्हे. ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं कितीएकांचीं मुलें आज परदेशीं आहेत. मागें राहिलेल्या दोघांपैकीं एक गेलें म्हणजे उरतें तें एक माणूस, एक दूरदर्शन आणि आठवड्याचा एक दूरध्वनि. आपलें एकत्र कुटुंब आपल्याला तारील, ही समजूत आतां आपल्या घरांच्या संख्येशीं जुळत नाहीं. मुलांस दोष देण्याचें कारण नाहीं. आमचे चिरंजीव कर्तव्यांत उणे नाहींत, पण पुण्यापासून ल्यों दूर आहे तें आहेच. शेजार मात्र एका जिन्यावर असतो. फ्रेंच लोकांना ही गोष्ट पंधरा हजार मरणांनंतर कळली. आपण ती त्यांच्या अनुभवावरून शिकल्यास त्यांत कमीपणा कसला?

परत आल्यावर आमच्या इमारतींतील मंडळींनीं एक साधी वही केली आहे. बारा बिऱ्हाडांपैकीं तिघे एकटे राहतात. तिघांनीं आपण होऊन नांवें दिलीं. सकाळीं दहापर्यंत त्यांच्या दारावर कोणी तरी टकटक करावयाची, आणि कोणाची पाळी कधीं हें वहींत लिहावयाचें. कोणी गांवाला जाणार असेल तर त्यानें आपली पाळी दुसऱ्यास नेमून द्यावी. वैशाखांत चौकांत मेजें मांडून प्रत्येकानें एक पदार्थ आणावा, असेंही ठरलें आहे. सौ. 'कोष्ट्याचा मेंदू' करणार आहेत. नांव मात्र जेवणें झाल्यावर सांगावयाचें, असा आमचा बेत आहे.